सहा पट्ट्यांचा मासा: टाकीच्या नोंदी, जानेवारी ते मे २०२५

१८ जानेवारी २०२५, शनिवार

चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवलेला फायरफिश हा समुद्री मासा आज घरच्या मोठ्या टाकीत सोडला. पुढचा भाग पांढरा, मागे जाता जाता केशरी होत थेट लाल, आणि पाठीवरचा लांब पर तुऱ्यासारखा सतत वरखाली. ऑक्टोबरपासून लेक या माशासाठी मागे लागली होती.

पहिली वीस मिनिटं तो डाव्या कोपऱ्यात पाण्याच्या मध्यावर थांबून होता. मग सिक्सलाइन आला, म्हणजे टाकीतला जुना, सहा पट्ट्यांचा मासा. आधी नुसता आडवा होऊन समोरून गेला, पर ताणलेले, अंग किंचित वाकलेलं. दुसऱ्या फेरीत शेपटीला चावला. त्यानंतर थांबलाच नाही. घड्याळ लावून मोजलं: दहा मिनिटांत सतरा वेळा पाठलाग. फायरफिश एका खडकाखाली घुसला आणि सिक्सलाइन त्या बिळाच्या तोंडाशी येरझारा घालत राहिला. दिवे लवकर मालवले.

नोंद पुढे कामाला यावी म्हणून टाकीची माहिती इथेच लिहून ठेवते. घर एडिसन, न्यू जर्सीत. टाकी ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८४ लिटर, लांबी चार फूट. पाणी मार्च २०२३ मध्ये भरलं. मे २०२३ मध्ये ऑसिलॅरिस क्लाउन माशांची जोडी आली, ऑगस्टमध्ये सिक्सलाइन. त्यानंतर पिवळा वॉचमन गोबी हा मासा आणि त्याच्या बिळातली पिस्टल कोळंबी, एक क्लीनर कोळंबी, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये टेलस्पॉट ब्लेनी हा मासा. ब्लेनीलाही सिक्सलाइनने दोन दिवस पळवलं होतं, मग सोडून दिलं. त्या दोन दिवसांवरून मी धरून चालले की याही वेळी तसंच होईल.

१९ जानेवारी, रविवार

दिवे दिवसभर बंद ठेवले. खाणं तीनदा दिलं, थोडं थोडं. पोट भरलेलं असलं की भांडण कमी होतं म्हणतात, आणि क्लाउनच्या बाबतीत ते मी पाहिलेलं आहे. सिक्सलाइन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) खाऊन पुन्हा बिळाशी हजर. फायरफिशने एकही तुकडा घेतला नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

फायरफिश गेला. सकाळी सहाला टाकीत दिसला नाही म्हणून विजेरी घेऊन शोधला. कपाटामागे भिंतीच्या कडेला पडला होता, वाळलेला.

टाकीवर बारीक जाळीचं झाकण आहे. पाणी परत आणणाऱ्या नळीसाठी मागच्या कोपऱ्यात जाळी कापलेली आहे, तीन बोटं रुंद. घाबरला की फायरफिश उडी मारतो, हे हा मासा पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. ती फट मी दोन वर्षं पाहत होते आणि बुजवली नव्हती.

लेकीला शाळेत जायच्या आधीच सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. तिने विचारलं, सिक्सलाइनने मारलं का? मी म्हटलं, पळवलं त्याने, पण भोक माझं होतं.

संध्याकाळी कोपऱ्यात जाळीचा तुकडा शिवून टाकला. नळीभोवती आता करंगळीही जात नाही.

२६ जानेवारी, रविवार

आठवडाभर रोज संध्याकाळी अर्धा तास समोर बसून नुसतं पाहिलं. सिक्सलाइनचा रस्ता ठरलेला आहे. उजवीकडच्या कमानीखालून निघतो, हॅमर पोवळ्याच्या मागून मधल्या खडकाच्या तीन भोकांतून, डाव्या कोपऱ्यात काचेजवळ वळसा, आणि वाळूवरून परत. एक फेरी दोन ते तीन मिनिटांची. दिवे असेपर्यंत हेच चालतं. चार फुटांच्या टाकीत त्याची हद्द नाही असा एक वीतही उरत नाही.

मासा तसा बोटाएवढा. पूर्ण वाढला तरी दहा सेंटिमीटरच्या आसपास. जांभळट निळ्या अंगावर सहा केशरी पट्टे, शेपूट हिरवट, तिच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका. डोळे तर असे की क्षणभरही एका जागी ठरत नाहीत; या गटातल्या माशांच्या डोळ्याचं बाहेरचं पटल दुभागलेलं असतं, त्यामुळे एका डोळ्यात दोन बाहुल्या असल्यासारख्या दिसतात. खडकाच्या सुरकुतीतला टाचणीच्या डोक्याएवढा जीव तो टिपतो. हा मासा मला आवडतो, हेही इथे लिहून ठेवते. त्याला आणलाही कामासाठी. २०२३ च्या उन्हाळ्यात वाळूवर आणि काचेवर तांबड्या चपट्या किड्यांचा थर बसायला लागला होता. औषधाने ते मरतात, पण एकदम हजारो मेले की त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि मासेही जातात. सगळेच सिक्सलाइन हे किडे खात नाहीत. आमचा खात होता. दोन महिन्यांत काच स्वच्छ झाली.

मग चुकलं कुठे? मला वाटतं, क्रमात. दीड वर्ष टाकी त्याची होती. आणि पाण्यात मधोमध तरंगणारा, त्याच्यासारखाच सडपातळ मासा मी त्याच्या रस्त्यात आणून सोडला. ब्लेनी खडकाला चिकटून बसणारी, शेवाळ खरवडणारी, म्हणून ती खपली. समुद्रात पाठलाग झाला की हरलेला मासा दुसऱ्या खडकाआड जातो आणि भांडण तिथेच मिटतं. इथे हरलेल्याला जायला जागाच नाही. तो पुन्हा पुन्हा दिसत राहतो, आणि सिक्सलाइनच्या लेखी तो अजून गेलेलाच नसतो. त्याचा स्वभाव समुद्रातलाच आहे. भिंती मी घातल्या.

आज आणखी एक दिसलं. ब्लेनीच्या शेपटीचा वरचा कोपरा फाटलाय. वर्षभर शांत राहिलेलं पुन्हा सुरू झालं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आरशाचा प्रयोग. टाकीच्या डाव्या काचेला बाहेरून हातभर आरसा चिकटवला. सिक्सलाइन पाचव्या मिनिटाला आला आणि स्वतःच्या प्रतिबिंबावर तुटून पडला. दिवसभर तिथेच. ब्लेनी उजव्या बाजूला निवांत चरली.

५ फेब्रुवारी, बुधवार

आरशाकडे तो आता पाहतही नाही. काढून ठेवला. ब्लेनीचा पाठलाग दहा मिनिटांत चार वेळा.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज खडकांची मांडणी बदलली. कल्पना अशी की ओळखीच्या खुणाच गेल्या तर हद्दही जाते आणि सगळ्यांना नव्याने सुरुवात करावी लागते. नव्या टाकीत हे सोपं असतं. आमचे मधले खडक चिकटमातीने जोडलेले, त्यांवर दोन वर्षांची पोवळी. गोबीचं बीळ मधल्या खडकाच्या पायाशी. तो हलवला तर कोळंबीवर कोसळेल. म्हणून फक्त उजवी कमान आणि डावीकडचे तीन सुटे खडक घेतले.

हातमोजे आणि चष्मा घालूनच. सुट्या खडकांपैकी दोहोंवर झोआ नावाचे पोवळ्यांसारखे मऊ जीव आहेत. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. हाताला जखम असेल किंवा पाणी डोळ्यात उडालं तर माणूस इस्पितळात पोचतो. लेकीला खोलीबाहेर ठेवलं.

एवढी काळजी घेऊनही हॅमर पोवळ्याचं एक डोकं तुटलं. तुकडा वेगळ्या जागी बसवलाय, जगेल बहुतेक. पोवळं हातात तुटल्याचा आवाज मला सहन होत नाही. आमच्या मालवणात कठीण पोवळ्याचा तुकडा घरी आणणंसुद्धा गुन्हा आहे; २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य. माझं हे हॅमर टाकीतच वाढवलेल्या पोवळ्याच्या फांदीचं आहे. तरीही.

नवा फायरफिश आणि रॉयल ग्रामा नावाचा एक मासा आजच वेगळ्या टाकीत आले. मोठ्या टाकीचा प्रश्न सुटेपर्यंत ते तिथेच राहतील.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस शांतता होती. काल दुपारपासून सिक्सलाइनने नवा रस्ता आखलाय, कमानीच्या नव्या जागेसकट. ब्लेनी दिवसभर वरच्या नळीच्या तोंडाशी बसून असते, चरायला खाली येत नाही. पोट आत गेलंय.

आता त्याला बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दोन जाळ्या घेऊन पाऊण तास. एकीने हाकायचं, दुसरीत धरायचं. क्लाउन दोनदा आले, तो एकदाही नाही. जाळी पाण्यात उतरली की तो मधल्या खडकात शिरतो आणि पलीकडच्या भोकातून डोकं काढून पाहतो. गोबी घाबरून वाळूत गेला. थांबवलं.

रात्री दिवे मालवल्यावर तासाभराने तांबड्या प्रकाशाची विजेरी घेऊन बसले. तो सापडला. मधल्या खडकाच्या कपारीत आडवा, भोवती स्वतःच्याच चिकट द्रवाचा पारदर्शक कोश. ही जात रोज रात्री असा कोश विणून त्यात झोपते. कोशाच्या आत कल्ले हलताना दिसत होते. माझं बोट त्याच्यापासून चार इंचांवर, आणि मधे दगड. फोटो काढला नाही. बराच वेळ बघत बसले.

मग बाबांना फोन केला. इथे रात्रीचे साडेनऊ, तिकडे रविवारचे सकाळचे आठ. चाळीस वर्षं समुद्रावर गेलेला माणूस. टाकी त्यांनी व्हिडिओवर पाहिलेली आहे. सगळं ऐकून म्हणाले, "अगो, जाळ्यान नाय गावाचो तो. सापळो ठेव आणि चार दिस उघडोच सोड. तेका तां आपलां घर वाटाक व्हया."

लहानपणी पावसाळ्यात चढणीच्या माशांसाठी ओहोळात बांबूच्या कामट्यांचा सापळा लावायचे, तो आठवला. आत जाताना वाट रुंद, बाहेर येताना सापडत नाही. तुळतुळीत कोरा सापळा ते कधी लावत नसत. आधी दोन दिवस पाण्यात भिजवून ठेवायचे.

बारीक गळ लावायचा सल्लाही मला इथे मिळाला होता. बाबांना तो सांगितला नाही. तोंडात गळ अडकवून काढलेला मासा मी पुढे कुणाला जगवायला देणार?

१७ फेब्रुवारी, सोमवार

सापळा बसवला. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पेटी, फूटभर लांब. एका टोकाला वर सरकणारं दार, दाराला तंगूस (नायलॉनची बारीक दोरी), तंगुसाचं टोक सोफ्याच्या हातापर्यंत. मी ते सोडलं की दार पडतं. जागा: डावा कोपरा, जिथे तो काचेजवळ वळसा घेतो. आत वाळू आणि टाकीतलाच एक शेवाळलेला दगड ठेवला. आज दार उघडं बांधूनच ठेवलंय, पाडायचं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून खाणं फक्त पेटीत. पहिली आत गेली क्लीनर कोळंबी. मायसिसचे सगळे तुकडे गोळा करून घेऊन गेली. मग क्लाउन. सिक्सलाइन काचेच्या बाहेरून तोंड आपटत राहिला. खाणं दिसतंय, वाट कळत नाही. दाराशी आला, पेटीभोवती तीनदा फिरला, निघून गेला.

ब्लेनीसाठी शेवाळाची गोळी वर नळीजवळ चिकटवते. खाते आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आत अर्धं अंग. शेपूट बाहेर. दार पाडायचा मोह झाला, हातात तंगूस होती. नाही सोडली. अर्ध्यावर दार पडलं तर मासा जखमी होईल, नाहीतर निसटेल आणि मग या पेटीकडे महिनोन्महिने फिरकणार नाही.

कोळंबीला आता आधी वेगळा मोठा तुकडा चिमट्याने देते. तो घेऊन ती खडकावर जाते आणि पाच मिनिटं मोकळी मिळतात.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पूर्ण आत गेला, खाल्लं, बाहेर आला. दोनदा.

१ मार्च, शनिवार

सापडला. सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

काल संध्याकाळचं खाणं दिलं नव्हतं. दिवे लागल्यावर पंधरा मिनिटांनी पेटीत मायसिस सोडलं, कोळंबीला तिचा वाटा दिला. सिक्सलाइन सरळ आत शिरून मागच्या दगडापर्यंत गेला. लेक माझ्या शेजारी श्वास रोखून बसली होती. तंगूस तिच्या हातात होती, तिने ती सोडली. दार पडल्याचा आवाजही आला नाही.

पेटीत तो दोनदा काचेवर आपटला, मग दगडाआड गेला. पेटी पाण्यासकट उचलून, मोठ्या टाकीचंच पाणी जिच्यातून फिरतं त्या खालच्या टाकीतल्या शेवाळाच्या कप्प्यात त्याला सोडलं. पाणी तेच, म्हणजे क्षार आणि तापमान जुळवून घ्यायचा प्रश्न नाही. पंपाच्या बाजूला जाळी आधीच लावली होती. लपायला नळीचे तीन तुकडे. वर झाकण, आणि या वेळी चारही कोपरे पाहिले.

बाबांना फोन केला. म्हणाले, "कितक्या दिसांनी?" बारा म्हटलं. म्हणाले, "बरा."

२ मार्च, रविवार

ब्लेनी खाली आली. सकाळी अकराला वाळूवर होती.

१५ मार्च, शनिवार

ग्रामा आणि फायरफिश मोठ्या टाकीत, दिवे मंद करून. ग्रामाने मधल्या खडकाखालची कपार घेतली. उलटा होऊन छताला पोट लावून पोहतो, ती त्याची रीतच आहे. फायरफिश पहिल्याच संध्याकाळी बाहेर येऊन प्रवाहातून खाणं टिपत होता. क्लाउननी दोघांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

खाली सिक्सलाइन ठीक आहे. रंग गडद, दोन्ही वेळ खातो. शेवाळातल्या बारीक किड्यांचा त्याने फडशा पाडलाय. पण तो कप्पा दीड फुटाचा आहे. तिथे त्याला कायमचं ठेवणं म्हणजे कोठडी.

२९ मार्च, शनिवार

आता उलटा क्रम करून पाहायचा होता: टाकीत सगळ्यांची घरं ठरलीत, सिक्सलाइन शेवटचा. छिद्रांच्या पारदर्शक डब्यात घालून डबा मोठ्या टाकीत आतून अडकवला. एकमेकांना बघू देत, चावू नयेत. काही मासे अशा आठवड्याभरात निवळतात.

३ एप्रिल, गुरुवार

पाच दिवस झाले. फायरफिश डब्यावरून गेला की हा त्या भिंतीवर झेपावतो. दहा मिनिटांत अकरा वेळा. पहिल्या दिवशी नऊ होतं. नाकाच्या शेंड्याला पांढरट ओरखडा पडलाय. फायरफिश काल दुपारपासून बिळातून पूर्ण बाहेर आलेला नाही.

सोडून पाहूया का, असं नवऱ्याने विचारलं. सोडला आणि बिनसलं तर त्याला पुन्हा पकडायला किती आठवडे जातील कोण जाणे, आणि तेवढ्यात दुसरा फायरफिश जाईल. नाही. संध्याकाळी त्याला परत खाली नेलं. लेक रडली, तिला वाटत होतं तो शहाणा होईल. मी तिला म्हटलं, तो वेडा नव्हताच कधी.

१२ एप्रिल, शनिवार

सिक्सलाइनला त्याच्या नव्या घरी पोचवला. चाळीस मिनिटांवर राहणारे एक ओळखीचे गृहस्थ. टाकी १८० गॅलन, सहा फूट लांब. त्यांच्याकडे ट्रायडॅक्ना जातीचे दोन मोठे शिंपले आहेत आणि त्यांवर तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगाई चढल्यात. दिवसा लपतात, रात्री शिंपल्याच्या मांसाला सोंड लावून रस शोषतात. सिक्सलाइन त्या वेचून खातो. बाकीचे मासे हातभर नसले तरी याच्या तिप्पट, आणि वर्षानुवर्षं तिथे मुरलेले. हा तिथे शेवटचा आणि सर्वांत लहान. त्यांना सगळी हकिगत सांगितली, फायरफिशसकट. त्यांच्याकडे सडपातळ मासा एकही नाही आणि आणायचाही नाही, हे पक्कं करून घेतलं.

प्रवासाला झाकणाचा डबा, टाकीचंच पाणी, आत नळीचा एक तुकडा, वरून पंचा गुंडाळलेला. अंधारात मासा शांत राहतो. लेकीने डबा पूर्ण वाटभर मांडीवर धरला होता.

सोडल्यावर टँग नावाचा एक पिवळा मासा त्याच्याजवळ आला, शेपूट आडवी करून उभा राहिला. सिक्सलाइन खडकाआड गेला आणि दुसऱ्या बाजूने निघाला, दोन फूट लांब. टँग पुढे गेला नाही.

२० एप्रिल, रविवार

पाण्याचं माप, सगळं ठीक: खारटपणा हजारी ३५, तापमान ७८ फॅरेनहाइट, अल्कलिनिटी ८.४, कॅल्शियम ४२५, नायट्रेट ८. हॅमरच्या तुटलेल्या डोक्याने खडक धरलाय. ब्लेनीच्या शेपटीचा कोपरा पूर्ण भरून आला.

१० मे, शनिवार

त्या गृहस्थांचा फोटो आला. शिंपला उघडा, कडेवर एकही गोगलगाय दिसत नाही, आणि कोपऱ्यात अर्धवट हिरवी शेपूट.

आमच्याकडे डाव्या कोपऱ्यात वाळूवर तांबडे चपटे किडे परतलेत. दीड वर्ष एकही नव्हता. याचं मला नवल वाटलं नाही, पण पोटात गोळा आला. दर शनिवारी पाणी बदलताना बारीक नळीने ओढून काढायचे असं ठरवलंय, औषध नाही. फायरफिश त्या कोपऱ्यात अगदी वर तरंगत होता, मी हात घातला तरी हलला नाही. आज एकोणीस किडे काढले.